माझ्याकडे नको, लेन्सकडे

१

पार्सल आलं तेव्हा ताई एका आजोबांची हनुवटी सरळ करत होती. ओळखपत्राचा फोटो काढायला आलेली माणसं स्टुलावर बसली की अशी ताठ होतात, जणू आता कुणी शिक्षाच सुनावणार आहे. त्यांना सैल करायचं, खांदे खाली आणायचे आणि मग आपलं ठरलेलं वाक्य म्हणायचं, हा ताईचा रोजचा उद्योग. वाक्य असं: "माझ्याकडे नको, लेन्सकडे." ते तिच्या तोंडात इतकं बसलं होतं, की घरी जेवताना कुणी तिच्याकडे मान वर करून पाहिलं तरी अर्धं निसटायचं.

त्याला कारण होतं. माणूस कॅमेऱ्याकडे बघतच नाही. तो बघतो कॅमेऱ्यामागे उभ्या असलेल्या माणसाकडे. मग नजर लेन्सच्या जराशी वर जाते, आणि फोटोतली व्यक्ती आपल्या डोक्यावरून पलीकडे कुणाला तरी बघतेय असं वाटत राहतं. फरक केसाएवढा, पण ताईला तो खोलीच्या दुसऱ्या टोकावरून कळायचा.

आजोबा स्टुलावरून उतरायच्या आत तिने खोकं फाडलं. आत दोन चिमुकल्या वस्तू. एक कॅमेऱ्याच्या डोक्यावर बसवून छोट्या वायरने त्याला जोडायची, तिच्यावर हिरवा दिवा. दुसरी मुठीत मावणारी, एकच बटण असलेली. अर्धं दाबलं की फोकस, पूर्ण दाबलं की फोटो. या दोघींच्या मधे काही नाही, नुसती हवा.

"हे काय, टीव्हीचा रिमोट?" आजोबांनी विचारलं.

"कॅमेऱ्याचा. आता मी पण फोटोत येणार, आजोबा!"

"म्हणजे इतके दिवस येत नव्हतीस?"

"मी आले तर काढणार कोण?"

आजोबांना ते पटलं. ताईला मात्र इतका आनंद झाला होता, की त्यांच्या फोटोचे पैसे घ्यायचेच राहिले.

२

घरच्यांचा प्रत्येक फोटो ताईने काढलेला. बाबांच्या निवृत्तीचा, आईच्या साठीचा, धाकटीच्या पदवीचा, लग्नाचा. प्रत्येक वेळी आई तिकडून ओरडायची, "आले ना सगळे? कुणी राहिलं नाही ना?" आणि ताई कॅमेऱ्यामागून म्हणायची, "मी सोडून सगळे." सगळे हसायचे, आणि त्या हसण्यावर ती बटण दाबायची. म्हणून तर फोटो इतके छान यायचे. टायमर लावून पळत जाऊन बसण्याचा प्रयोग तिने एकदा केला होता. त्या फोटोत ती पाठमोरी, अर्धवट वाकलेली आणि एक चप्पल नसलेली आली. तो फोटो धाकटी अजून वाढदिवसाला पाठवते.

या सगळ्याचं तिला कधी काही वाटलं नव्हतं. पण मागच्या महिन्यात धाकटीच्या सासूबाई, म्हणजे आईच्या विहीणबाई, घरी आल्या, भिंतीवरचे फोटो एकेक करून बघितले, आणि चहा घेऊन आलेल्या ताईकडे वळून अगदी प्रेमाने म्हणाल्या, "या कोण? लग्नात पण दिसल्या होत्या. फोटोवाल्या ना?" आईने लगेच सावरून घेतलं, "अहो, ही आमची थोरली!" विहीणबाईंनी पुन्हा भिंतीकडे पाहिलं. त्यांचा काय दोष? भिंतीवर थोरली नव्हतीच.

ती गोष्ट ताईच्या मनाला लागली. आता धाकटी आणि जावईबापू रविवारी विमानात बसणार होते, पुढची काही वर्षं तरी परत न येण्यासाठी. नव्या घराच्या भिंतीवर लावायला धाकटीला एक मोठा फोटो हवा होता. सगळ्यांचा. "आणि या वेळी तू नसलीस तर मी तो नेणारच नाही," तिने बजावलं होतं.

ताईला तिथं असायचं होतं. तिकडच्या भिंतीवर, आईच्या आणि धाकटीच्या मधोमध. एवढंच.

३

दुपारी गिऱ्हाईक नसताना तिने दार लोटलं, कॅमेरा तिवईवर चढवला आणि स्वतः स्टुलावर जाऊन बसली. हातांचं काय करायचं तेच कळेना! लोकांना रोज शिकवणारी बाई, पण स्वतः समोर बसल्यावर तिचीही हनुवटी वर गेली. तिने मुद्दाम फ्रेम मोठी ठेवली होती. सगळी भिंत दिसेल इतकी. नंतर कापता आली असती.

अर्धं बटण. हिरवा दिवा. पूर्ण बटण. खटक.

"आला!" ती एकटीच ओरडली, आणि उठून बघायला धावली. डोळे मिटलेले, तोंड उघडं. चालेल! पुन्हा बसली, पुन्हा धावली. लहान पोर नव्या खेळण्याने खेळतं तशी ती त्या खोलीत इकडून तिकडे खेळत होती, आणि शेवटी दमून, केस मागे सारून, कसलाच विचार न करता तिने एकदा बटण दाबलं.

तिवईच्या मागे एक फरशी सैल होती. फोटो काढताना ताई नेमकी तिच्यावर उभी राहायची आणि वजन या पायावरून त्या पायावर गेलं की ती 'टक' असा आवाज करायची. ती आता वाजली. टक. मग खटक.

ऊन, ताई मनात म्हणाली. उन्हाने फरशा फुगतात.

तिने फोटो पाहिला आणि पाहतच राहिली. ताईला आपला चेहरा कधी आवडला नव्हता, नाकापासून सुरुवात करून. या फोटोतही नाक तेवढंच होतं, पण ते तिथंच असायला हवं होतं. थकलेली, जराशी हसरी, कुणावर तरी विश्वास टाकून बसलेली बाई. तिला असं आजवर कुणी टिपलंच नव्हतं. डोळ्यांत पाणी आलं तिच्या. तिने तो लगेच धाकटीला पाठवला.

धाकटीचा फोन उलट टपाली. "ताई! कोण आहे तो?"

"कोण?"

"काढणारा! उगाच साळसूदपणा नको. असा फोटो नुसता ओळखीचा माणूस काढत नाही. जीव असलेला माणूस काढतो."

"अगं, रिमोटने काढलाय."

"बरं, रिमोटरावांना रविवारी बोलव मग. आई बघून घेईल."

ताई पोट धरून हसली. फोन ठेवल्यावर पुन्हा फोटो पाहिला आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं, की भिंत कुठे गेली? फोटो छातीपासून वर होता. रिकामी बाजू कापलेली, चेहऱ्यापुढे हवी तेवढीच जागा सोडलेली. ती स्वतः जशी फ्रेम लावते अगदी तशी.

आणि नजर. नजर लेन्सच्या जराशी वर होती.

४

"भाऊ, या रिमोटने झूम होतो का?"

कॅमेऱ्याच्या दुकानातल्या भाऊंचा आवाज फोनवरही तंबाखू खाल्ल्यासारखा यायचा. "ताई, तो बटण दाबतो. तेवढंच. चहा पण करत नाही."

"म्हणजे झूमची रिंग हातानेच फिरवावी लागते."

"आता हे तुम्ही मला सांगताय का विचारताय?"

"फ्रेम आपोआप जवळ आली हो."

"लेन्स ढिली झाली असेल. कॅमेरा खाली वाकवला की वजनाने सरकते."

"वाकवला नव्हता. सरळ होता."

"फोटो कसा आलाय?"

"फोटो..." ताईला लपवता येईना. "भाऊ, अप्रतिम आलाय!"

"मग तक्रार काय आहे तुमची?"

खरंच, तक्रार काय होती? ताईने स्वतःलाच दटावलं. एवढी शिकली-सवरलेली बाई, आणि मनात पाल चुकचुकतेय ती कशाने, तर चांगला फोटो आला म्हणून! ढिली लेन्स असेल तर उपाय सोपा. तिने काळ्या चिकटपट्टीचा एक तुकडा तोडला आणि रिंग जागच्या जागी पक्की चिकटवून टाकली. फ्रेम पुन्हा मोठी, भिंतभर. स्टुलावर बसली, बटण दाबलं.

टक. खटक.

फोटो छातीपासून वर होता. पहिल्याहून सुरेख.

रिंगवर पट्टी नव्हती. ती खाली पडलेली नव्हती, लेन्सला लोंबतही नव्हती. ती तिवईच्या पायावर नीट उभी चिकटवलेली होती, आणि तिचं खालचं टोक आतल्या बाजूला दुमडलेलं होतं. पुढच्या वेळी नखाने खरवडत बसायला नको, चटकन निघावी, म्हणून. ताई प्रत्येक पट्टीचं टोक असं दुमडते. धाकटी त्यावरून तिला चिडवते. दुसरं कुणी तसं करताना तिने पाहिलेलं नाही.

मग तिने विचार केला, तो असा: मीच काढली असणार. इतकी हुरळून गेलेय, की काय करतेय ते माझं मलाच कळत नाहीये. हाताच्या सवयी डोक्याला विचारून चालत नाहीत.

पटलं. निदान दार उघडून पुढचं गिऱ्हाईक आत घेण्यापुरतं पटलं.

५

शनिवारी तिने दोन्ही फोटो कॉम्प्युटरवर घेतले. फोकस तपासायचा असला की डोळा मोठा करून बघायचा, ही साधी पद्धत. बुबुळावर उजेडाचा एक ठिपका असतो, आणि तो पुरेसा मोठा केला की त्यात समोरची खोली दिसते. इवलीशी, वाकडी, पण दिसते.

तिच्या डाव्या डोळ्यात खिडकी होती. खिडकीखाली तिवईचे काळे पाय. आणि तिवईच्या मागे कुणीतरी वाकलेलं होतं. डोकं कॅमेऱ्याला टेकलेलं, डावं कोपर अंगाशी घेतलेलं, उजवा खांदा डाव्याहून जरा खाली. वर्षानुवर्षं जड पिशवी एकाच खांद्याला लावली की होतो तसा.

ताईने नकळत आपला उजवा खांदा दाबून धरला.

मग तिने खुर्ची मागे ढकलली, उठली, आणि तिवईच्या मागे जाऊन उभी राहिली. तिथं भिंत होती. भिंतीवर खुंटी होती. खुंटीवर तिचा रेनकोट होता, गळ्यापासून फुगलेला, एक बाही दुमडलेली. तिचा जीव भांड्यात पडला. "मेल्या!" ती रेनकोटाला म्हणाली, आणि इतक्या मोठ्याने हसली की शेजारच्या शिंप्याने मशीन थांबवून विचारलं, "काय हो ताई, लॉटरी लागली काय?"

"फोटो चांगला आला हो!"

"मग आम्हाला दाखवा की."

तिने दाखवला. शिंप्याने चष्मा वर-खाली केला. "झकास! अहो, पण रविवारचा तो घरचा फोटो आहे ना, त्याला मला बोलवा. बटणच दाबायचंय ना? मी दाबतो. तुम्ही निवांत बसा."

हे सरळ होतं, सोपं होतं. शिंपी येईल, बटण दाबेल, फोटो जरा तिरका येईल, कुणाचे तरी पाय कापले जातील, पण ती त्यात असेल. हो म्हणायला तोंड उघडलंच होतं तिने. पण समोर पडद्यावर तिचा तो चेहरा होता, आणि तिला आईच्या शेजारी, धाकटीच्या शेजारी तोच चेहरा हवा होता. तिकडच्या भिंतीवर तोच लागायला हवा होता.

"नको, मास्तर. रिमोट आहे ना."

मास्तर गेल्यावर तिने रेनकोट बाहेरच्या खोलीत नेऊन टांगला. खुंटी रिकामी. परत येऊन स्टुलावर बसली आणि एक फोटो काढला. फरशी वाजली. फोटो सुंदर आला. या वेळी डोळा मोठा करून बघायचा राहून गेला. म्हणजे, तिने तो राहून जाऊ दिला.

६

रविवारी सकाळी सगळी वरात स्टुडिओत. आईने ठेवणीतली शाल काढलेली, बाबांनी दाढी करताना हनुवटी कापून घेतलेली, जावईबापू विमानात चुरगळणार म्हणून शर्ट हातात घेऊन आलेले, आणि धाकटी एकाच वेळी रडत, हसत, सगळ्यांना सूचना देत. खाली सामानाने भरलेली टॅक्सी उभी.

"बाबा, पोट आत."

"ते आतच आहे. बाहेर आहे ते वय आहे."

"रिमोटराव कुठायत?" धाकटीने विचारलं, आणि ताईने मूठ उघडून दाखवली. एकच हशा पिकला.

बाकावर बाबा, आई, मग एक रिकामी जागा, मग धाकटी आणि जावईबापू. ताईने फ्रेम लावली. ती रिकामी जागा तिने लेन्समधून पाहिली आणि तिला वाटलं, आपण धावत सुटावं. आपला निळा शर्ट खाली ओढून ती खरंच धावत गेली आणि जाऊन त्या जागेत बसली. आईचा खांदा या बाजूला, धाकटीचा त्या बाजूला. दोन्हीकडून ऊब. फोटोत असणं म्हणजे हे असतं होय! तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

"सगळ्यांनी लेन्सकडे बघा हं," ती म्हणाली आणि स्वतःही, अगदी ठरवून, लेन्सच्या काळ्या गोलात बघत राहिली. बटण दाबलं.

टक. खटक.

ती बघायला गेली. फोटो असा आला होता की आईला तो आत्ताच छातीशी धरावासा वाटला असता. पण सगळ्यांच्या नजरा लेन्सच्या वर होत्या. बाबांची, आईची, धाकटीची, जावईबापूंची. तिची स्वतःचीसुद्धा.

"अहो, कुठं बघताय तुम्ही सगळे?"

"कुठं म्हणजे?" आई म्हणाली. "तुझ्याकडेच बघत होतो की."

"आई, मी तुझ्या शेजारी होते."

आईने शेजारच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. मग तिवईकडे पाहिलं. "हो की गं," ती हळूच म्हणाली. "सवय, दुसरं काय."

बाबा अजून तिवईच्या दिशेनेच बघत होते, ताईच्या चेहऱ्याच्या थोडं बाजूला.

खालून टॅक्सीवाल्याने हॉर्न वाजवला. "ताई, चल ना, एकच शेवटचा!" धाकटीने हात पुढे केला. तो हात बघून ताईच्या मनातलं बाकीचं सगळं पुसून गेलं. ती गेली. बसली. धाकटीने तिच्या दंडात हात अडकवला. अंगठा बटणावर ठेवला. अर्धं दाबलं. समोर हिरवा दिवा लागला.

टक.

फरशी तिच्या पायाखाली वाजली.

डोळ्याला रबराची गार, ओळखीची कड लागलेली होती. डावं कोपर अंगाशी होतं. आत, त्या लहानशा उजळ चौकोनात, बाबा होते, आई होती, धाकटी होती, जावईबापू होते. आई आणि धाकटीच्या मधे निळा शर्ट होता. धाकटीचा हात त्याच्या दंडात होता. निळ्या शर्टातल्या बाईच्या मुठीत काहीतरी होतं आणि तिचा अंगठा त्यावर टेकलेला होता. ती सुंदर दिसत होती.

ताईला ओरडायचं होतं. पण बोटं रिंगवर होती, आणि बोटांनी आपल्या सवयीने ती रिंग किंचित फिरवली. रिकामी भिंत फ्रेममधून निघून गेली. फ्रेम आता अचूक होती. तोंडही आपल्या सवयीने उघडलं.

"माझ्याकडे नको, लेन्सकडे."

चौघांनी नजर जराशी वर उचलली आणि प्रेमाने तिच्याकडे पाहिलं. पाचवी मात्र थेट लेन्समध्ये बघत होती.

"आले ना सगळे?" आईने विचारलं. "कुणी राहिलं नाही ना?"

"सगळे आलो, आई," बाकावरून ताईचा आवाज आला. "कुणी नाही राहिलं."

"मी सोडून," ताई कॅमेऱ्यामागून म्हणाली.

या वेळी कुणी हसलं नाही.